पत्ता फायलीचा की नाव लायब्ररीचे?

संगणक-शंका : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या महिन्यात इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे येथून आलेली तीन पत्रे एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात. मेव्हन किंवा ग्रेडलसारख्या बिल्ड करणाऱ्या, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाला आपल्या संगणकावरील लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) फायलीचा मार्ग देऊन कशी दाखवावी, आणि मुळात तशी दाखवावी का, हा तो प्रश्न आहे. इंदूरच्या वाचिकेने तो सर्वांत तपशिलाने मांडला असल्यामुळे त्या उत्तराला अधिक जागा दिली आहे. छपाईच्या सोयीसाठी कमांड आणि टॅग देवनागरीत दिले आहेत. टंकताना ते रोमनमध्येच लिहावेत.

प्रश्न : आदरणीय महोदय, सादर नमस्कार. मी रामबागेत राहते आणि पलासियातील एका लहान संस्थेत जावा प्रोग्रामर म्हणून काम करते. आम्ही पतपेढ्यांसाठी व्यवहारनोंदीचे सॉफ्टवेअर तयार करतो. खातेदाराच्या बोटाचा ठसा जुळवून पाहण्यासाठी यंत्राच्या पुरवठादाराने आम्हाला एक जार फाइल (जावाच्या क्लासेसची एकत्र बांधलेली फाइल) दिली आहे. ही लायब्ररी मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक भांडारात नाही. म्हणून मी पॉम फायलीत (मेव्हनला प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या फायलीत) तिचा स्कोप, म्हणजे ती कुठून व केव्हा वापरायची याची खूण, ‘सिस्टम’ ठेवला आणि सिस्टमपाथमध्ये माझ्या संगणकाच्या डी ड्राइव्हवरील पूर्ण मार्ग लिहिला. माझ्याकडे बिल्ड व्यवस्थित होते, पण विजयनगरला राहून काम करणाऱ्या सहकाऱ्याकडे होत नाही. त्याच्या सांगण्यावरून मी ती फाइल प्रोजेक्टच्या लिब फोल्डरमध्ये आणली आणि मार्गाच्या सुरुवातीला प्रोजेक्ट.बेसडिर घातले. आता बिल्ड दोघांकडे होते, पण दर वेळी एक इशारा दिसतो. शिवाय वॉर फाइल (वेबअॅपची एकत्र बांधलेली फाइल) लिनक्स सर्व्हरवर चढवली की ठसा जुळवण्याच्या क्षणी ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’ येतो. कंपाइल होताना असलेली फाइल चालताना कुठे जाते? यावर नीट उपाय कोणता?
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात तीन अडचणी आहेत आणि तिन्ही एकाच ओळीतून निघाल्या आहेत, म्हणून आधी त्या ओळीकडे पाहू.

मेव्हनमध्ये डिपेन्डन्सीला, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ररीला, कंपाइल, प्रोव्हायडेड, रनटाइम, टेस्ट, सिस्टम आणि इम्पोर्ट असे सहा स्कोप देता येतात. त्यांपैकी सिस्टम लावला की मेव्हन कोणत्याही रिपॉझिटरीत (लायब्ररींच्या भांडारात) शोध घेत नाही. सिस्टमपाथमध्ये लिहिलेल्या जागी फाइल आहे असे धरून ते पुढे जाते, आणि हा मार्ग ड्राइव्हपासून किंवा मुळापासून सुरू होणारा पूर्ण मार्ग असावा लागतो. तुमच्या सहकाऱ्याच्या संगणकावर डी ड्राइव्हमध्ये ते फोल्डर नव्हते. पहिल्या अडचणीचे कारण एवढेच.

हा स्कोप मुळात ठेवला होता तो जेडीकेसोबतच (जावात प्रोग्राम लिहिण्याच्या साधनसंचासोबतच) येणाऱ्या फायलींसाठी. जावाच्या जुन्या आवृत्त्यांत टूल्स.जार नावाची फाइल जेडीकेच्या लिब फोल्डरमध्ये असे. ती सेंट्रलवरून आणण्यात अर्थ नव्हता, कारण ती त्या त्या जेडीकेचाच भाग होती. म्हणून जावाहोमपासूनचा (जावा बसवलेल्या फोल्डरपासूनचा) तिचा मार्ग सांगण्याची सोय केली गेली. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ मध्ये टूल्स.जार हीच फाइल उरली नाही. मेव्हनच्या अधिकृत माहितीपानांवर सिस्टम स्कोप आता वापरू नये अशा सदरात टाकलेला आहे, आणि माझ्या मते नव्या प्रोजेक्टमध्ये त्याला जागाच देऊ नये.

आता दुसरी अडचण, म्हणजे तो इशारा. तुम्ही बेसडिर घातल्यावर मेव्हन बिल्डच्या वेळी त्या जागी प्रोजेक्टच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग भरते, त्यामुळे नियम पाळला जातो. तरीही मेव्हन ३ सांगते की सिस्टमपाथ प्रोजेक्टच्या फोल्डरातील फायलीकडे दाखवू नये, कारण या प्रोजेक्टवर अवलंबून असलेल्या दुसऱ्या प्रोजेक्टांना ती फाइल सापडणार नाही. हा इशारा खरा आहे आणि तो दुर्लक्षू नका. उद्या ठसा जुळवण्याचा भाग तुम्ही वेगळ्या मॉड्यूलमध्ये काढला आणि दुसऱ्या पतपेढीच्या प्रोजेक्टमध्ये वापरायला घेतला, तर त्या प्रोजेक्टला तुमची जार आणि तिची पॉम एवढेच मिळेल. सोबतचे लिब फोल्डर मिळणार नाही.

तिसरी अडचण सर्वांत अधिक त्रास देणारी आहे, कारण ती बिल्डच्या वेळी दिसत नाही आणि काउंटरवर खातेदार उभा असताना दिसते. सिस्टम स्कोपची वागणूक पुष्कळशी प्रोव्हायडेडसारखी असते: कंपाइल आणि टेस्ट करताना फाइल उपलब्ध असते, पण ती चालवणाऱ्या वातावरणाकडे आधीच असणार असे धरून मेव्हन ती वॉर फायलीत भरत नाही. तुमची वॉर फाइल हे साधे झिप असते. ती उघडून वेब-इन्फच्या आतील लिब फोल्डर पाहा. बाकी सर्व जार तेथे ओळीने दिसतील आणि पुरवठादाराची दिसणार नाही. कंपाइल करताना होता तो क्लास चालताना सापडला नाही, हाच ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’चा नेमका अर्थ आहे.

यावर दोन उपाय तुम्हाला कोणीतरी सुचवील. ती जार हाताने वेबअॅपच्या वेब-इन्फ लिबमध्ये ठेवावी, हा पहिला. स्प्रिंग बूट वापरत असाल तर त्याच्या प्लगइनमध्ये ‘इन्क्लूडसिस्टमस्कोप’ ही सोय आहे, ती चालू करावी, हा दुसरा. दोन्हींनी काम चालते. पण पहिल्यात एकाच लायब्ररीच्या दोन प्रती दोन ठिकाणी राहतात आणि पुरवठादाराने नवी जार पाठवली की एक बदलली जाते व दुसरी राहून जाते. दुसऱ्यात मूळ दोष तसाच राहून केवळ वॉर भरली जाते.

मूळ दोष असा की मार्ग फक्त फाइल कुठे आहे ते सांगतो. ती कोणती लायब्ररी आहे, कितव्या आवृत्तीची आहे आणि तिला आणखी कोणत्या लायब्ररी लागतात, यांपैकी काहीच मार्गातून कळत नाही. मेव्हनच्या आधी अँट हे साधन सर्वत्र होते. त्याची स्वतंत्र पहिली आवृत्ती जुलै २००० मध्ये आली, आणि त्या काळी प्रत्येक प्रोजेक्टात एक लिब फोल्डर असे, ज्यात जार टाकत जायचे आणि मार्गांची यादी लिहायची. मेव्हनने नाव मागायला सुरुवात केली. ग्रुपआयडी, आर्टिफॅक्टआयडी आणि व्हर्जन या तीन गोष्टी सांगा, फाइल कुठून आणायची ते मी पाहतो, असा तो करार आहे. सिस्टम स्कोप वापरतानाही आपण ही तीन नावे लिहितो, पण ती कशाशीच ताडून पाहिली जात नाहीत.

यामुळे काय होते ते मी सियागंजमध्ये पाहिले आहे. तेथील एका घाऊक व्यापाऱ्याच्या बिलाच्या नमुन्यात एक रकाना वाढवायचा होता. सॉफ्टवेअर ज्यांनी केले होते त्यांनी काम बंद केले होते, पण सोर्स कोड पूर्ण होता. पॉम उघडली तर बिल छापण्याच्या लायब्ररीचा सिस्टमपाथ ई ड्राइव्हकडे दाखवत होता, आणि तो संगणक कधीच भंगारात गेला होता. शेवटी चालू असलेल्या टॉमकॅट या वेब सर्व्हरच्या लिब फोल्डरमध्ये तीन फायली सापडल्या: प्रिंट.जार, प्रिंट-नवी.जार आणि प्रिंट-नवी-चालू.जार. पहिल्या दोन फायलींची एसएचए-१ बेरीज (फायलीच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) काढली तर ती अक्षरशः एकच निघाली, म्हणजे त्या एकाच फायलीच्या प्रती होत्या. तिसरीतील मेटा-इन्फ फोल्डरमधली मॅनिफेस्ट फाइल (जारची माहिती देणारी) उघडली, तर आवृत्ती लिहिण्याची ओळच नव्हती. कोणती जार खरोखर वापरात आहे हे ठरवण्यात माझा दीड दिवस गेला. रकाना वाढवायला अर्धा तास पुरला.

म्हणून तुमच्या हातातल्या जारला आधी नाव द्या. ती उघडून मेटा-इन्फमधील मॅनिफेस्ट पाहा. ‘इम्प्लिमेंटेशन-व्हर्जन’ अशी ओळ असेल तर तीच आवृत्ती घ्या. मेटा-इन्फच्या आत मेव्हन नावाचे फोल्डर आणि त्यात पॉम.प्रॉपर्टीज असेल तर तिन्ही नावे तयारच मिळतील. काहीच नसेल तर पुरवठादाराकडून फाइल ज्या दिवशी आली ती तारीख आवृत्ती म्हणून वापरा. ती खोटी ठरत नाही. ग्रुपआयडी मात्र तुमच्या संस्थेच्या डोमेनवरून सुरू करा आणि पुढे पुरवठादाराचे नाव जोडा. मनाला येईल तो मोघम शब्द तेथे घालू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये अॅलेक्स बिरसान या सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिले की कंपन्या अंतर्गत वापरासाठी जी पॅकेज-नावे ठेवतात तीच नावे सार्वजनिक भांडारात दुसऱ्या कोणी नोंदवली, तर बिल्डची साधने बाहेरचे पॅकेज उचलू शकतात. मेव्हन सेंट्रलवर ग्रुपआयडीसाठी डोमेनची मालकी दाखवावी लागते, त्यामुळे आपल्या डोमेनखालचे नाव सुरक्षित राहते.

नाव ठरल्यावर फाइल कुठे ठेवायची याचे तीन पर्याय आहेत.

सर्वांत झटपट पर्याय म्हणजे ‘एमव्हीएन इन्स्टॉल:इन्स्टॉल-फाइल’ ही कमांड. तिच्यापुढे हायफन-डी लावून फाइल, ग्रुपआयडी, आर्टिफॅक्टआयडी, व्हर्जन आणि पॅकेजिंग सांगितले की जार तुमच्या होम फोल्डरमधील डॉट-एम-टूच्या रिपॉझिटरीत जाते. पॉममध्ये मग स्कोप आणि मार्ग दोन्ही काढून साधी डिपेन्डन्सी लिहायची. वॉरमध्ये ती आपोआप भरली जाईल. पण हे प्रत्येक संगणकावर एकेकदा करावे लागते. नवा सहकारी आला, किंवा बिल्ड करणारा सर्व्हर बदलला, की ‘आर्टिफॅक्ट सापडला नाही’ असे उत्तर येते आणि ती कमांड कोणी कोणाला सांगितली होती हे आठवावे लागते. एका दुपारपुरता हा मार्ग ठीक आहे.

तुमच्यासारख्या दोन-तीन जणांच्या गटाला मी दुसरा पर्याय आग्रहाने सुचवेन: प्रोजेक्टच्या आतच एक छोटी रिपॉझिटरी ठेवा. यासाठी ‘डिप्लॉय:डिप्लॉय-फाइल’ ही कमांड आहे. तिलाही तीच माहिती द्यायची. फक्त यूआरएलच्या जागी प्रोजेक्टमधील एखाद्या फोल्डरचा, समजा ‘भांडार’ अशा अर्थाच्या रोमन नावाच्या फोल्डरचा, फाइल या शब्दाने सुरू होणारा पत्ता द्यायचा. मेव्हन त्या फोल्डरमध्ये ठरलेली रचना उभी करते: ग्रुपआयडीतील प्रत्येक टिंबाच्या जागी एक फोल्डर, मग आर्टिफॅक्टआयडीचे, मग व्हर्जनचे, आणि आत जार, पॉम व त्यांच्या एसएचए-१ बेरजा. ही सारी रचना गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाका आणि पॉममध्ये रिपॉझिटरी टॅगखाली प्रोजेक्ट.बेसडिरपासूनचा त्या फोल्डरचा पत्ता लिहा. मार्ग येथेही आहे, पण तो फायलीचा नसून भांडाराचा आहे. लायब्ररी नावानेच मागितली जाते. उद्या भांडार दुसरीकडे हलले तर ती एक ओळ बदलेल, डिपेन्डन्सीला हात लावावा लागणार नाही.

यात दोन ठिकाणी जपून चालावे. पहिले असे की मेव्हन या भांडारातील जार एकदा डॉट-एम-टूमध्ये उतरवून घेते आणि पुढे तीच वापरते. स्नॅपशॉट, म्हणजे कामात असलेली, नसलेली आवृत्ती बदलणार नाही असे ते गृहीत धरते. पुरवठादाराने दुरुस्त केलेली जार पाठवली आणि तुम्ही ती जुन्याच आवृत्तीच्या नावावर ठेवलीत, तर तुमच्या सहकाऱ्याकडे जुनीच जार चालत राहील आणि दोघांचे निकाल जुळणार नाहीत. नवी फाइल आली की नवी आवृत्ती, हा नियम मोडू नका. दुसरे असे की प्रोजेक्ट अनेक मॉड्यूलांचा झाला की बेसडिर प्रत्येक मॉड्यूलसाठी त्याच्या स्वतःच्या फोल्डरकडे दाखवते. भांडार सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये असेल तर आतल्या मॉड्यूलला ते सापडत नाही, आणि ही चूक शोधायला फार वेळ लागतो.

तिसरा पर्याय म्हणजे नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरीसारखा रिपॉझिटरी सर्व्हर संस्थेत उभारणे. चार-पाच प्रोजेक्ट एकच लायब्ररी वापरू लागले की तो करावा. तेव्हा एवढे लक्षात ठेवा की मेव्हन ३.८.१ पासून साध्या एचटीटीपीवरील बाहेरच्या रिपॉझिटरी मुळातच अडवल्या जातात, म्हणून सर्व्हरला एचटीटीपीएस करून घ्यावे. कार्यालयातल्याच दुसऱ्या संगणकावर तो असला तरी मेव्हनच्या लेखी तो बाहेरचाच असतो.

एक गोष्ट आधीच करा: पुरवठादाराची जार खरोखर सेंट्रलवर नाही ना, हे पुन्हा पाहा. ओरॅकलचा जेडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) कित्येक वर्षे सेंट्रलवर नव्हता आणि लोक तो मार्ग देऊनच वापरत; २०१९ मध्ये ओरॅकलने तो तेथे ठेवला, तरी जुन्या पॉममधील मार्ग अजून तसेच पाहायला मिळतात. तुमच्या पुरवठादाराच्या परवान्यात ती फाइल इतरांना देण्यास मनाई असेल, तर गिटचे भांडार खासगीच ठेवा.

सुट्या जारला आणखी काय लागते हेही तुम्हालाच शोधावे लागेल, कारण तिच्यासोबत पॉम आलेली नाही. जावा ८ पासून जेडीकेत ‘जेडेप्स’ नावाचे साधन असते. त्याला ती जार दिली की ती कोणकोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे ते छापले जाते. त्यात ओळखीच्या लायब्ररी दिसल्या तर एक छोटी पॉम हाताने लिहा, त्या लायब्ररी तिच्यात नोंदवा आणि डिप्लॉय करताना ‘पॉमफाइल’ या नावाने ती द्या. हे कष्ट वाया जात नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी लिहिणाऱ्या लायब्ररीतील गंभीर दोष बाहेर आला, तेव्हा ज्यांच्या प्रोजेक्टात सर्व लायब्ररी नावाने होत्या त्यांनी ‘डिपेन्डन्सी:ट्री’ चालवून आवृत्ती पाहिली, आणि ज्यांच्याकडे लिब फोल्डरमध्ये सुट्या जार होत्या त्यांना एकेक फाइल उघडून आत लॉगफोरजे आहे का ते पाहावे लागले.

आता पुढची अडचण आधीच सांगून ठेवतो. ठसा जुळवणाऱ्या लायब्ररी बहुधा जावात पूर्ण लिहिलेल्या नसतात. जार आतून दुसऱ्या नेटिव्ह फायलीला हाक मारते, जी विंडोजवर डीएलएल आणि लिनक्सवर एसओ असते. जार वॉरमध्ये गेली की क्लास सापडेल, पण तेव्हा ‘अनसॅटिस्फाइड लिंक एरर’ दिसू शकतो. तो मेव्हनचा दोष नाही. पुरवठादाराकडून लिनक्ससाठीची एसओ फाइल मागून घ्या, तिच्या नावाच्या सुरुवातीला ‘लिब’ ही अक्षरे आहेत हे पाहा, कारण लिनक्सवर जावा त्याच नावाने शोधते, आणि सर्व्हर सुरू करताना जावा.लायब्ररी.पाथमध्ये तिचे फोल्डर सांगा. तुमचा संगणक विंडोजचा आणि सर्व्हर लिनक्सचा असल्यामुळे मोठ्या-लहान अक्षरांकडेही लक्ष असू द्या. विंडोजला मोठ्या एलचे आणि लहान एलचे लिब सारखेच. लिनक्सला ती दोन वेगळी फोल्डरे आहेत.

सगळे झाल्यावर एक परीक्षा घ्या. प्रोजेक्ट नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये गिटमधून पुन्हा उतरवा आणि ‘मेव्हन.रेपो.लोकल’ला हायफन-डीने एखादे रिकामे फोल्डर देऊन बिल्ड करा. त्या बिल्डला तुमच्या डॉट-एम-टूमधील काहीच दिसणार नाही, म्हणून इंटरनेटवरून पुष्कळ उतरवले जाईल आणि वेळ लागेल. ते शेवटपर्यंत गेले आणि वॉर उघडून पाहिल्यावर पुरवठादाराची जार आत दिसली, तर विजयनगरलाही ते होईल.

प्रश्न : सादर प्रणाम. मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. आमच्या अँड्रॉइड प्रकल्पात अॅप आणि लायब्ररी अशी दोन मॉड्यूल आहेत. लिब्स फोल्डरमधील सर्व जार आम्ही फाइलट्रीने एकदम घेतो. लायब्ररी मॉड्यूलमध्ये एक एएआर फाइल मार्गाने घातली, तर एएआर तयार करताना स्थानिक एएआर चालत नाही असा एरर येतो. जार चालतात, मग एएआर का नाही?
— एक विद्यार्थी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : एएआरमध्ये क्लासेसबरोबर चित्रे, मांडणी आणि मॅनिफेस्ट असे अँड्रॉइडचे साहित्यही असते. तुमचे लायब्ररी मॉड्यूल स्वतः एएआर बनते, आणि एका एएआरच्या पोटात दुसऱ्या एएआरचे साहित्य भरले जात नाही. म्हणजे तयार होणारी फाइल अपुरी राहिली असती. पूर्वी ती तशी मुकाट्याने तयार होत असे. आता प्लगइन आधीच थांबवते, आणि ते तुमच्या हिताचे आहे. उपाय वरच्या उत्तरातलाच: मूळ फोल्डरमध्ये मेव्हनच्या रचनेचे छोटे भांडार करा, एएआर तेथे नाव आणि आवृत्ती देऊन ठेवा, आणि ग्रेडलच्या रिपॉझिटरीजमध्ये त्या फोल्डरकडे दाखवा. ग्रेडल अशा स्थानिक भांडारातील फायली आपल्या कॅशमध्ये उतरवून न घेता जागेवरूनच वाचते, त्यामुळे मेव्हनमध्ये जुनी प्रत अडकून राहण्याचा जो त्रास होतो तो येथे होत नाही. फ्लॅटडिर नावाची सोय तुम्हाला सुचवली जाईल. ती घेऊ नका. तिच्यात लायब्ररीसोबतची माहिती नसते, म्हणून त्या लायब्ररीला लागणाऱ्या इतर लायब्ररी ग्रेडलला कळत नाहीत.

फाइलट्रीविषयी मात्र थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेख सहज आला आहे आणि धोका तिच्यात आहे. लिब्स फोल्डरमध्ये जे काही ‘जार’ने संपते ते सर्व ती उचलते. मित्राने त्याच लायब्ररीची नवी आवृत्ती आणून टाकली आणि जुनी काढायची राहिली, तर दोन्ही घेतल्या जातात. नावाने मागितलेल्या लायब्ररींमध्ये अशी टक्कर झाली तर ग्रेडल आवृत्त्या पाहून सामान्यतः वरची निवडते. फायलींच्या बाबतीत त्या एकाच लायब्ररीच्या आहेत हेच त्याला ठाऊक नसते. अँड्रॉइडमध्ये निदान ‘डुप्लिकेट क्लास’ असा एरर येतो. साध्या जावा प्रोजेक्टमध्ये मार्गावर आधी येणारी जार शांतपणे जिंकते, आणि फाइलट्रीतील फायलींचा क्रम कायम राहील याची ग्रेडल हमी देत नाही. प्रकल्प सादर करायच्या दिवशी असे काही घडू नये म्हणून आजच त्या एका ओळीच्या जागी प्रत्येक लायब्ररीची स्वतंत्र ओळ लिहा. ज्या लायब्ररी सेंट्रलवर किंवा गूगलच्या भांडारात आहेत त्यांच्या जार लिब्समधून काढून टाका. बहुतेक वेळा फोल्डर जवळजवळ रिकामे होते.

एखादी फाइल मार्गानेच घ्यावी लागली, तर ‘फाइल्स’मध्ये लिहिलेला मार्ग तुमच्या टर्मिनलच्या फोल्डरपासून नव्हे, तर ती बिल्ड फाइल ज्या मॉड्यूलची आहे त्या मॉड्यूलच्या फोल्डरपासून मोजला जातो. वरच्या फोल्डरमधील फाइल हवी असेल तर रूटप्रोजेक्टपासून मार्ग लिहा. दोन टिंबांचे जिने चढत जाऊ नका. मॉड्यूल हलवले की ते तुटतात.

प्रश्न : नमस्कार. माझे दोन मेव्हन प्रोजेक्ट शेजारशेजारच्या फोल्डरांत आहेत. पहिल्यात हिशेबाचे सामाईक क्लासेस आहेत. दुसऱ्यात मी पहिल्याच्या टार्गेट फोल्डरमधील जार मार्गाने घेतो. कधी कधी पहिल्यात केलेला बदल दुसऱ्यात दिसतच नाही. असे का होते?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : टार्गेट फोल्डर हे बिल्डचे तात्पुरते काम ठेवण्याची जागा आहे, ‘क्लीन’ म्हटले की ते पुसले जाते आणि पुढच्या बिल्डपर्यंत तेथे काहीच नसते. दुसरा प्रोजेक्ट पहिल्याच्या मार्गाकडे पाहतो, पण आधी पहिला बिल्ड झाला पाहिजे हे त्याला कोणी सांगितलेले नाही, म्हणून तुम्ही विसरलात की जुनी जार वापरली जाते. बाहेरच्या लायब्ररीचे जे नियम वर सांगितले ते येथे लागू करण्याचीही गरज नाही, कारण सोर्स तुमच्याच हातात आहे.

दोन्ही फोल्डरांच्या वर एक पॉम ठेवा, तिचे पॅकेजिंग पॉम असू द्या आणि मॉड्यूल्समध्ये दोन्ही फोल्डरांची नावे लिहा. दुसऱ्या प्रोजेक्टमधून सिस्टमपाथ काढून पहिला प्रोजेक्ट त्याच्या नावाने आणि आवृत्तीने मागा. वरून बिल्ड केले की मेव्हन कोण कोणावर अवलंबून आहे ते पाहून क्रम स्वतः लावते आणि नुकतीच तयार झालेली जार पुढे देते. फक्त दुसराच प्रोजेक्ट हवा असेल तेव्हा हायफन-पीएलने त्याचे नाव द्या आणि हायफन-एएम जोडा. मग त्याला लागणारा पहिलाही आधी बिल्ड होतो. पुढे कधी ग्रेडलकडे गेलात, तर एकाच बिल्डमध्ये ‘प्रोजेक्ट’ने आणि वेगळ्या बिल्डमध्ये ‘इन्क्लूडबिल्ड’ने हेच साधते, इन्क्लूडबिल्ड ग्रेडल ३.१ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. टार्गेट फोल्डर गिटमध्ये गेले असेल तर तेही त्याच वेळी काढा आणि गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फायलींच्या यादीत) नोंदवा, म्हणजे जुनी जार पुन्हा कोणाच्या हाती पडणार नाही.